मागच्या खिडकीची मोकळी हवा

चित्राच्या माहेरी एक शब्द उच्चारायची बंदी होती. शिव्या तर चालत नव्हत्याच, पण हा शब्द शिव्यांपेक्षाही वाईट समजला जायचा. तो शब्द म्हणजे दमा. चित्राला दमा होता, लहानपणापासून होता, छातीतल्या शिट्ट्या पलीकडच्या खोलीत ऐकू याव्यात इतका होता. पण तिच्या आईनं, वासंतीबाईंनी, त्याचं बारसं करून नाव ठेवलं होतं सर्दी. ‘‘चित्राला जरा सर्दीची सवय आहे,’’ असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि लगेच लोणच्याच्या कैऱ्यांवर घसरायच्या. शेजारणी काही बहिऱ्या नव्हत्या. पण दुसऱ्याचं झाकलेलं तोंडावर उघडं करायचं नाही, पाठीमागे काय ते बोलायचं, एवढी सभ्यता डोंबिवलीच्या नोकरदार वस्तीत असतेच.

या बंदीला कारण होतं. वासंतीबाईंची धाकटी बहीण मंजुळा. तिला ऐन साखरपुड्यात धाप लागली आणि दोनच दिवसांत मुलाकडच्यांचा निरोप आला, की पत्रिका पुन्हा एकदा दाखवली, जुळत नाही म्हणतात. त्यानंतर मंजुळाची पत्रिका कुणाशीच जुळली नाही. भावाच्या घरी पोळ्या लाटत तिनं दिवस काढले आणि चित्रा शाळेत असतानाच ती गेली. वासंतीबाईंनी यातून धडा घेतला, पण तो औषधपाण्याचा नव्हता. शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्या शिकल्या.

घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, एका चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं. चित्राचे वडील हरिहरराव ठाण्याला एका सरकारी कचेरीत कारकून होते. पुढच्या खोलीचं दार सगळ्यांच्या सामायिक व्हरांड्यात उघडायचं आणि मागच्या खोलीची खिडकी मोकळ्या रानावर. एके काळी तिथे खाडीपर्यंत भातशेती होती. मग शेतं बिल्डरनं घेतली, बिल्डर कज्ज्यात अडकला, आणि शेतांत गवत माजलं. पावसाळा सरत आला की ते माणसाच्या कमरेला लागायचं. त्याला तुरे यायचे, आणि वारा सुटला की त्यांची पिवळट धूळ उडून खिडकीच्या गजांवर बसायची. वासंतीबाई रोज सकाळी गज ओल्या फडक्यानं पुसून काढायच्या. स्वच्छतेत त्यांचा हात धरणारं चाळीत कोणी नव्हतं.

चित्राला धाप लागली की काय करायचं ते ठरलेलं होतं. आधी पुढचं दार लावायचं, म्हणजे व्हरांड्यात आवाज जायला नको. मग मागची खिडकी सताड उघडायची, म्हणजे पोरीला हवा मिळेल. मांडीवर उशी देऊन तिला खिडकीशी बसवायचं आणि पाठ चोळायची. ‘‘मोकळी हवा घे, बाळा. मोठा श्वास घे, मोठा.’’ चित्रा गजांना कपाळ टेकून तोंडानं हवा ओढायची. जितकी ओढावी तितकी छाती आवळत जायची. मग वासंतीबाई खिडकीचं दुसरं दारही उघडायच्या. त्या मायेत तिळभर खोट नव्हती, आणि राग येतो तो त्याचाच.

गौरी-गणपतीच्या सुमाराला दुखणं सुरू व्हायचं, दसरा उलटला की उतरायला लागायचं आणि दिवाळीला चित्रा चकल्या पाडायला बसायची. वासंतीबाईंनी त्यावरून वर्षाची वाटणी करून टाकली होती. गौरी ते दसरा बंद महिने, बाकीचे मोकळे. आश्विनात चाळीत भोंडला व्हायचा. पाटावर हत्ती काढून मधे मांडायचा आणि मुली त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायच्या. चित्राला तो फेर कधी पुरा करता आला नाही. ती भिंतीशी बसून डब्यातली खिरापत ओळखायची, आणि कुणी काही विचारायच्या आत वासंतीबाई म्हणायच्या, ‘‘सर्दी आहे ना तिला.’’

मुलीचं लग्न त्यांनी याच हिशेबानं जमवलं. बघण्याचे सगळे कार्यक्रम तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत. स्थळ कितीही चांगलं असो, भाद्रपदात कुणी बघायला येतो म्हटलं की मुलगी मामाकडे गेलेली असायची. अशाच एका पौषात ठाण्याच्या नौपाड्यातला गुरुदत्त आला. बँकेत नोकरीला, एकुलता एक, घरात फक्त विधवा आई, सरस्वतीबाई. मितभाषी, आणि समोर बसवलेल्या मुलीला पोहे कोणी केले हे न विचारणारा. चित्राला तो आवडला. होकार आल्यावर एका दुपारी ती आईला हळूच म्हणाली, ‘‘आई, आपण त्यांना सांगूया का?’’

‘‘काय सांगायचं?’’

‘‘तेच.’’ तिच्याही तोंडातून शब्द निघाला नाही.

वासंतीबाईंनी हातातली परात खाली ठेवली. ‘‘तुला मंजुळा व्हायचंय का?’’ त्या म्हणाल्या. बोलणं तिथेच संपलं.

लग्न पुढच्या मार्गशीर्षात झालं. होमाच्या धुरात बसूनही चित्रा एकदाही खोकली नाही. वासंतीबाईंनी विहिणीच्या पंगतीत स्वतः जिलब्या वाढल्या. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटणं त्या दिवशी चूक नव्हतं.

पुढची तजवीजही त्यांच्याकडे तयार होती. माहेरपण. पहिल्या वर्षी कुणाच्या डोळ्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता. नवी नवरी गौरीला माहेरी आली, नवरात्रात राहिली, दिवाळसणाला जावईही आले, आणि चित्रा खडखडीत बरी होऊन सासरी गेली. दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला आली. मधु झाली. मधुच्या मागोमाग बंद महिने आलेच, तेव्हा बाळाला थंडी बाधेल म्हणून मुक्काम वाढला. त्यानंतर मात्र दर वर्षी नवं कारण शोधावं लागायचं. कधी वासंतीबाईंचे गुडघे, कधी मामाच्या घरचं कार्य, कधी नवस. दमा झाकायला म्हणून पोरीला दर भाद्रपदात उचलून आणायचं आणि नेमकं त्या खिडकीशी, त्या गवताच्या तोंडाशी नेऊन बसवायचं, हा उद्योग वर्षानुवर्षं चालला होता आणि त्याला घरात संसार वाचवणं म्हणत होते.

त्यातून हवामान बिघडलं. पूर्वी घट बसले की छत्र्या माळ्यावर जायच्या. नव्वद साल उलटलं आणि पाऊस निघायचं नाव घेईना. दसऱ्याला चिखल, दिवाळीत आकाशकंदील भिजून लोंबलेले. गवत वाळायला टेकलं की पुन्हा एखादी सर यायची, ते पुन्हा हिरवं व्हायचं आणि पुन्हा तुऱ्यावर यायचं. जवळच्या तबेल्याचे भय्ये पूर्वी ते म्हशींसाठी कापून न्यायचे, पण तबेला हलला आणि आता विळा लावणारंही कोणी राहिलं नाही. बंद महिने दसऱ्याला संपेनात. ते दिवाळीपर्यंत गेले, मग तुळशीच्या लग्नापर्यंत. वासंतीबाई पंचांग बघून दुखण्याला तारखा देत होत्या, आणि गवत काही पंचांग वाचत नव्हतं.

मधु ठाण्यात शाळेत जायला लागल्यावर तिला बरोबर आणणं बंद झालं. चित्रा एकटीच यायची. परत जायची तेव्हा पोर थोडी अधिक नौपाड्यातल्या आजीची झालेली असायची. एका वर्षी चित्रा कोपरहून परतली, मधुची वेणी घालायला बसली, तर मधु फणी घेऊन उठली आणि आजीसमोर जाऊन बसली. ‘‘तुला माझा भांग कुठे पाडतात ते माहीत नाही,’’ असं तिनं आईला सांगितलं. यात पोरीचं काही चुकलं नव्हतं.

सरस्वतीबाई तोंडाळ नव्हत्या. पण शेजारणींना उत्तर काय द्यायचं? ‘‘सूनबाईचा जीव माहेरात अडकलाय,’’ एवढंच त्या म्हणायच्या. लोक त्यात आपापलं घालून घ्यायचे. कुणी म्हणायचं नवराबायकोचं पटत नाही, कुणी त्याहून वाईट. गुरुदत्तच्या कानावर ते सगळं यायचं. एका श्रावणात, चित्रा पिशवी भरायला लागली तेव्हा, त्यानं विचारलं, ‘‘तुला इथे काय कमी आहे?’’

‘‘काही नाही हो.’’

‘‘मग?’’

तिला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण इतक्या वर्षांचं एक खोटं उघडं करायचं तर त्याच्यासोबत बाकीची सगळी बाहेर पडणार होती, आईचे गुडघे, मामाचं कार्य, नवस, सगळी. आणि तिच्या डोळ्यांसमोर भावाच्या घरी पोळ्या लाटणारी मंजुळामावशी उभी राहिली. ती म्हणाली, ‘‘आईचे गुडघे दुखतात.’’ त्या वर्षी ती परत आली तेव्हा त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं होतं. आईला रात्री खोकल्यानं जाग येते, तिच्याजवळ कोणी हवं, असं कारण त्यानं दिलं. कारणं द्यायला आता तोही शिकला होता.

मग ते वर्ष आलं. दिवाळी पावसात गेली. तुळशीचं लग्न झालं, तरी चित्राची छाती सुटेना. नौपाड्याहून निरोपावर निरोप यायला लागले, कधी येणार, मधुची सहामाही झाली, शाळेत आईला बोलावलंय. वासंतीबाईंच्या कोठारातली कारणं संपली होती. शेवटी त्यांनी वाण्याच्या दुकानातून गुरुदत्तच्या बँकेत फोन केला आणि सांगितलं, ‘‘ह्यांना बरं नाही हो. अंथरुणाला खिळलेत. चित्राला इतक्यात नाही निघता येणार.’’ घरी येऊन त्यांनी नुकत्याच निवृत्त झालेल्या नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा हरिहरराव फक्त ‘‘बरं’’ म्हणाले. जन्मभर त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

आता ज्या जावयाला आपण इतकी वर्षं फसवतोय तो भला माणूस आहे, हे वासंतीबाईंच्या ध्यानातच आलं नाही. सासरे आजारी म्हटल्यावर गुरुदत्तनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मोसंबी घेतली आणि कोपर गाठलं. चाळीच्या वळणावर त्याला सासरे भेटले. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात पिशवीतून डोकावणारे मुळे, आणि शेजारच्या परशुरामशी कालच्या मॅचवरून मोठ्यांदा हुज्जत. जावयाला बघून त्यांच्या हातातली मेथी गळून पडली.

‘‘गुरुदत्तराव! तुम्ही?’’

‘‘तुम्हाला बघायला आलेलो,’’ गुरुदत्त म्हणाला.

‘‘हां हां... आज जरा उठलोय. बरं वाटतंय आज.’’

गुरुदत्तनं खाली वाकून मेथीची जुडी उचलली, त्यांच्या हातात दिली, आणि मोसंब्यांची पिशवीही दिली. गुरुदत्तच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्यानं पुढे कधीतरी चित्राला सांगितलं. घरात कोणीतरी दुसरा असणार, असं त्याला वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या लपवाछपवीचा दुसरा काही अर्थ त्याला लागत नव्हता.

दार बंद होतं. हरिहररावांनी कडी वाजवली. वासंतीबाईंनी फटीएवढं दार उघडून ‘‘मेथी मिळाली का?’’ विचारलं आणि मागे जावई दिसला. ‘‘अगबाई! थांबा हं, जरा आवरते,’’ म्हणत त्या दार लोटायला लागल्या. गुरुदत्तनं आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या घराचं दार ढकललं आणि आत शिरला.

आत दुसरं कोणी नव्हतं. मागच्या खिडकीशी चित्रा होती, मांडीवर उशी, कपाळ गजांना टेकलेलं. खांदे वर खाली होत होते, ओठ काळवंडले होते. बाहेर गवत तुऱ्यांनी पांढरं झालं होतं आणि वारा सरळ आत येत होता. तिनं मान वळवून नवऱ्याला पाहिलं. आणि तिनं आधी काय केलं, तर पदराचा बोळा तोंडावर दाबला, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

‘‘हे काय आहे?’’ गुरुदत्तनं विचारलं.

‘‘काही नाही, सर्दी झालीय जरा,’’ वासंतीबाई म्हणाल्या.

‘‘सर्दी? अहो, आमच्या बँकेतल्या शिपायाला होतं हे. दमा आहे हा! दमा!’’

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की वासंतीबाई धावत गेल्या. मुलीकडे नाही. पुढचं दार लावायला.

गुरुदत्तनं त्याच पावली रिक्षा आणली आणि चित्राला ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, श्वास जागेवर आला, मग चौकशी सुरू केली. त्रास कधी होतो? गौरीपासून, हल्ली पार तुळशीच्या लग्नापर्यंत, चित्रा म्हणाली. त्या महिन्यांत कुठे असता? माहेरी. आणि ठाण्यात असताना किती होतो? यावर चित्रा गोंधळली.

‘‘त्या महिन्यांत मी ठाण्यात कधी राहिलेच नाही.’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माहेरच्या घराभोवती काय आहे, झोपायची जागा कुठे, खिडकी कुठल्या बाजूला, सगळं विचारलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘गवत फुलावर आलं की त्याचे पराग उडतात. डोळ्यांना नुसती धूळ दिसते. तुमच्या छातीला तेच चालत नाहीत. दसऱ्यानंतर माझा दवाखाना पूर्वी रिकामा असायचा. आता पाऊस लांबतो, गवत पुन्हा फुलतं आणि दिवाळीनंतरही पेशंट येतात. तुम्हाला त्या दिवसांत गवतापासून लांब ठेवायला हवं होतं, खिडकी घट्ट बंद करून. आणि तोंडानं ओढायचा औषधाचा पंप द्यायला हवा होता. कुणी सांगितलं नाही?’’

‘‘कुणाला विचारलंच नाही,’’ चित्रा म्हणाली.

घरी जाताना गुरुदत्त म्हणाला, ‘‘मला वाटायचं, तुला मी नकोय.’’

‘‘मी सांगणार होते.’’

‘‘केव्हा?’’



सरस्वतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘दमा? एवढंच ना? अगं, माझ्या थोरल्या भावाला होता की. दोन बायका गेल्या त्याच्या, पण तो आपला खोकत खोकत ऐंशी वर्षं जगला. सांगायचंस ना!’’ चित्राला हसू आलं आणि ते हसता हसता रडण्यात गेलं. एवढंच होतं. एवढ्यासाठी तिनं आपल्या पोरीच्या वेण्या गमावल्या होत्या. आता लग्नाआधी कळलं असतं तर सरस्वतीबाई हेच म्हणाल्या असत्या का, की पत्रिका पुन्हा दाखवायला गेल्या असत्या, हे देव जाणे. घरात नऊ वर्षं नांदलेल्या सुनेला माफ करणं सोपं असतं.

पुढचे बंद महिने चित्रानं नौपाड्यात काढले. खिडक्या लावलेल्या, पंप उशाशी. त्रास झाला, पण उशी मांडीवर घेऊन बसायची वेळ एकदाही आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं आश्विनात पुरणपोळ्या केल्या. गुरुदत्त पंप संपायच्या आधी दुसरा आणून ठेवायचा, एकदाही विसरला नाही. त्याचं अंथरूण मात्र बाहेरच्या खोलीतच राहिलं. माणूस वाईट नव्हता. पण आपण बायकोला नकोसे आहोत असं समजून त्यानं जी वर्षं काढली होती, त्यांच्यावर डॉक्टरकडे औषध नव्हतं.

त्याच आश्विनात सरस्वतीबाईंनी मधुसाठी भोंडला केला. पाटावर हत्ती आला, शेजारच्या मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. वासंतीबाईही कोपरहून खिरापतीचा डबा घेऊन आल्या. जावयाच्या घरी त्या वर्षभरानं येत होत्या आणि जरा अवघडूनच बसल्या होत्या. फेर सुरू झाला. दुसऱ्या गाण्याला मधुनं मैत्रिणीचा हात सोडला. ती भिंतीपाशी गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि तिच्या छातीतून ती शिट्टी ऐकू आली. गाणं थांबलं. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

‘‘सर्दी आहे हो तिला,’’ वासंतीबाई म्हणाल्या. त्या कधी उठल्या आणि कधी दाराशी पोचल्या ते कुणाला कळलंही नाही. त्यांनी जिन्यावरचं दार लावलं होतं.

चित्रानं कपाटातून पंप आणला. ‘‘सर्दी नाही,’’ ती बायकांना म्हणाली. ‘‘दमा आहे तिला. मला आहे तसाच. श्रावणात डॉक्टरांनी सांगितलंय.’’ मधुनं पंप ओढला, थोड्या वेळानं पुन्हा ओढला आणि खिरापत ओळखायला जाऊन बसली. आयांनी खिरापत घेतली, बरं वाटतंय हो आता पोरीला, असं म्हटलं आणि नेहमीपेक्षा जरा लवकरच निघाल्या. जाताना एकीनं मधुकडे जे पाहिलं ते वासंतीबाईंनी बरोबर टिपलं. तसं पाहणं त्यांना ओळखीचं होतं.

दार लागल्यावर त्या मटकन पाटावर बसल्या, हत्तीच्या बाजूला. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, ‘‘चारचौघींत बोललीस? आता हिचं लग्न कसं व्हायचं गं?’’

मधु तेव्हा आठ वर्षांची होती.

चित्राला ओरडायचं होतं. पण समोर बसलेली म्हातारी खरोखर रडत होती, खरोखर नातीसाठी रडत होती. म्हणून चित्रानं आवाज चढवला नाही. तिनं फक्त विचारलं, ‘‘आई, मंजुळामावशी कशानं गेली?’’

वासंतीबाईंनी पदर खाली घेतला. घरात आता परकं कोणी नव्हतं. तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, कडी नीट लागलीय ना याची खात्री केली, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या,

‘‘सर्दीनं.’’